चाळीस दिवस आणि नऊ तास

क्रूझवरून आलेल्या माणसाने काय लिहायचं याचे नियम ठरलेले आहेत. बाल्कनीतला सूर्यास्त, बुफेतलं चीज, केबिन किती चिमुकली आहे हे दाखवणारा फोटो, आणि मग सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : "व्हेज मिळतं का रे तिथे?" मिळतं. पास्ता, पिझ्झा, सॅलड मुबलक, आणि एका रात्री तर चक्क डाळसुद्धा होती. संपला विषय. आता मला ज्याबद्दल लिहायचंय ते लिहितो.

मागच्या ऑक्टोबरात मी आणि बायको सात रात्रींच्या भूमध्य समुद्राच्या क्रूझवर गेलो होतो. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोआ, नेपल्स, मेसिना, माल्टा, मग एक अख्खा दिवस नुसतं पाणी आणि परत बार्सिलोना. बोट सकाळी बंदराला लागते, आपण उतरायचं, आठ-नऊ तास वणवण करायची आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत परत. उशीर झाला तर बोट थांबत नाही. बाहेर पडताना कार्ड दाखवलं की मशीन 'टिंग' करतं, स्क्रीनवर आपला फोटो येतो आणि आपण दुसऱ्या देशात! व्हिसासाठी तीन महिने बँक स्टेटमेंटं आणि पगाराच्या स्लिपा गोळा केलेल्या माणसाला हे 'टिंग' फार म्हणजे फार गोड वाटतं.

पण त्याआधी एक फॉर्म असतो. बार्सिलोनाला बोटीवर चढायच्या आधी एक छोटा आरोग्याचा फॉर्म भरून द्यावा लागतो. गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, उलट्या, जुलाब झालेत का? हो किंवा नाही. आमच्या पुढे रांगेत एक आजोबा होते. बिचारे खोकून खोकून लालबुंद झाले होते. त्यांच्या हातातून पेन घेऊन आजींनी शांतपणे सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या. बायको माझ्या कानात म्हणाली, "त्यांनी 'हो' लिहिलं असतं तर काय झालं असतं?" काय झालं असतं ते उघड आहे. डॉक्टरने तपासलं असतं, कदाचित चढू दिलं नसतं, आणि वर्षभर साठवलेले पैसे आणि आणलेले नवे बूट घेऊन आजी-आजोबा घरी गेले असते. खरं बोलण्याची किंमत ज्याला मोजावी लागणार त्यालाच खरं बोलायला सांगायचं, अशी ही गंमत आहे.

आणि ही गंमत नवी नाही. भूमध्य समुद्रावर ती साडेसहाशे वर्षं चालू आहे.

१३७७ साली रागुसाने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने, कायदा केला की साथीच्या गावाहून आलेल्यांनी शहरात शिरण्याआधी महिनाभर बाहेर थांबायचं. पुढे ठिकठिकाणी तिसाचे चाळीस झाले. इटालियनमध्ये चाळीस म्हणजे 'क्वारांता', त्यावरून क्वारंटाइन. व्हेनिसने १४२३ मध्ये यासाठी एक आख्खं बेटच राखून ठेवलं. २०२० मध्ये आपल्या सोसायटीच्या वॉचमनच्या तोंडीही हा शब्द बसला, पण त्यातला आकडा कुणाला ऐकू येत नव्हता.

मौजेखातर बोटीने फिरणाऱ्यांनाही यातून सुटका नव्हती. १८६७ मध्ये 'क्वेकर सिटी' नावाच्या आगबोटीतून अमेरिकन हौशी प्रवाशांचा एक जथा भूमध्य समुद्रात आला. आजच्या क्रूझची ती पणजीच म्हणायची. त्यात मार्क ट्वेन होता. त्या वर्षी इटलीत कॉलरा होता, त्यामुळे अथेन्सच्या बंदरात त्यांना सांगण्यात आलं की एकतर अकरा दिवस बोटीतच बसा नाहीतर चालते व्हा. ट्वेन आणि आणखी तिघं रात्री गुपचूप किनाऱ्यावर उतरले, चालत अथेन्सला गेले, चांदण्यात अ‍ॅक्रोपोलिस पाहून पहाटेपर्यंत परत! वर हे सगळं त्याने पुस्तकात छापलंसुद्धा. वाचताना आपण त्याच्याच बाजूने असतो. पकडला जाऊ नये असंच वाटत राहतं. आता हाच प्रसंग अथेन्सच्या एखाद्या आईच्या बाजूने वाचून बघा.

असो. मार्सेयकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

मराठी माणसाला हे बंदर 'मार्सेलिस' म्हणून ठाऊक असतं. ८ जुलै १९१० ला 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकरांनी मारलेली उडी शाळेतच ऐकलेली असते. माझ्या आईने फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, "ती जागा दाखवतात का?" त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. मला बघायची होती दुसरीच एक जागा, आणि ती सापडायला अजिबात कष्ट पडले नाहीत. क्रूझचा धक्का शहराच्या पार उत्तरेला आहे. तिथून बसने जुन्या बंदराशी आलो की सेंट जॉन किल्ल्याच्या पायथ्याशी, अगदी पाण्याला लागून, एक बसकी दगडी इमारत दिसते. सेल्फी काढणारी सगळी गर्दी तिला पाठ करून उभी असते. ही मार्सेयची आरोग्य-चौकी. बांधली १७१९ मध्ये. हे साल लक्षात ठेवा.

त्या काळी पूर्वेकडचा माल, म्हणजे कापूस, रेशीम, कापडचोपड, फ्रान्समध्ये यायचा तो मार्सेयमधून. तुर्की साम्राज्यातल्या बंदरांमध्ये प्लेग अधूनमधून असायचाच, म्हणून मार्सेयने तपासणीची पद्धत बसवली होती, आणि ती युरोपात नावाजलेली होती. प्रत्येक जहाजाने निघतानाच्या बंदरातून दाखला आणायचा. दाखले तीन प्रकारचे : स्वच्छ, संशयित, दूषित. मार्सेयला पोचल्यावर जहाज बाहेरच्या बेटाशी नांगरायचं, कप्तानाने होडीतून चौकीशी यायचं आणि अंतर राखून दाखला द्यायचा. कागद व्हिनेगरमध्ये बुडवूनच हातात घ्यायचे. मग प्रवासी आणि माल शहराबाहेरच्या लाझारेतमध्ये, तटबंदीच्या आत. तिथे हमालांनी गाठोडी सोडून माल वाऱ्यावर टाकायचा. जहाजावर साथ असल्याचं दिसलं तर ते आणखी लांब, जार नावाच्या ओसाड खडकाळ बेटावर पाठवायचं.

प्लेगचा जंतू यर्सिनने हाँगकाँगमध्ये शोधला १८९४ मध्ये. तो पिसवांतून पसरतो हे सिमाँने कराचीत दाखवलं १८९८ मध्ये. १७२० च्या मंडळींना यातलं काहीही माहीत नव्हतं, तरी कापडाची गाठोडी धोकादायक असतात इथपर्यंत ते अनुभवाने पोचले होते. कारण चूक, उपाय बराचसा बरोबर. असे कोड आमच्याकडेही असतात. का चालतात कुणाला माहीत नसतं, पण कुणी हात लावत नाही :-)

आता ते जहाज. नाव 'ग्राँ-सँतांत्वान', कप्तान झाँ-बाप्तीस्त शातो. सैदा आणि त्रिपोलीहून (आजच्या लेबनॉनमधलं त्रिपोली) कापूस आणि कापड भरून १७२० च्या एप्रिलमध्ये निघालं. निघाल्यावर लगेच एक तुर्की प्रवासी वारला. मग एकेक करून काही खलाशी आणि शेवटी जहाजावरचा वैद्यही. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराने जहाजाला आत घेतलं नाही आणि दाखल्याच्या मागे लिहून दिलं की ही माणसं घातक तापाने गेली. २५ मे १७२० ला जहाज मार्सेयसमोर पोचलं. दोन दिवसांत आणखी एक खलाशी गेला. चौकीच्या वैद्याने प्रेत बघून सांगितलं, प्लेगची लक्षणं नाहीत.

नियमाप्रमाणे जहाज सरळ जार बेटावर जायला हवं होतं. पण आरोग्य मंडळाने वेगळं ठरवलं. आधी म्हणाले, किमती माल तेवढा लाझारेतमध्ये उतरवा. काही दिवसांनी म्हणाले, सगळाच उतरवा. का? तर मालाची किंमत होती अंदाजे एक लाख एक्यू, आणि जुलैच्या २२ तारखेला ऱ्होन नदीकाठच्या बोकेर गावी दक्षिण फ्रान्समधली सगळ्यात मोठी जत्रा भरत होती. तोपर्यंत माल विकायला पोचला नाही तर वर्ष बुडालं. आरोग्य मंडळावर बसलेले लोक बहुतेक व्यापारीच होते. आणि मालाच्या भागीदारांमध्ये एक नाव होतं एस्तेल, शहराचे कारभारी होते त्यांतला पहिला. गंमत म्हणजे याचंही पहिलं नाव झाँ-बाप्तीस्तच.

हे मी त्या इमारतीसमोर उभा राहून बायकोला सांगत होतो तेव्हा तिने मध्येच थांबवलं. ती टेस्टिंगमध्ये आहे. म्हणाली, "म्हणजे सिव्हिरिटी वनचा बग तीनवर आणला. रिलीजची तारीख होती."

अगदी हेच! ज्यांनी आयटीत दोन-चार वर्षं काढलीत त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. गुरुवारी संध्याकाळचा कॉल, टेस्टरने लाल रंगात लिहून ठेवलेली ओळ, 'क्लायंटला शब्द दिलाय' हे वाक्य, आणि मग कुणीतरी अत्यंत समजूतदार आवाजात म्हणतं की याला खरंच ब्लॉकर म्हणायचं का. खोटं कुणीच बोलत नाही. शब्द फक्त एक पायरी खाली येतो. मार्सेयच्या वैद्यानेही तेच केलं. लाझारेतमध्ये गाठोडी सोडणारे हमाल मरायला लागले तरी त्याच्या अहवालात साधाच आजार येत राहिला.

२० जूनला जुन्या शहरातल्या अरुंद बेल-ताब्ल गल्लीत एक बाई वारली. मग एक शिंपी. माल लाझारेतच्या भिंतीवरून चोरून आत येत होता असं मानतात, आणि हे अगदी पटण्यासारखं आहे. ९ जुलैला पेसोनेल नावाच्या डॉक्टर बापलेकांनी कारभाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, हा प्लेग आहे. कारभाऱ्यांनी रोगी रात्री हलवले, घरं बंद केली, आणि गवगवा होऊ दिला नाही. व्यापाराला धक्का बसला असता ना. ३१ जुलैला एक्सच्या न्यायसभेने मार्सेयशी सगळे व्यवहार तोडले तेव्हा झाकायला काही उरलं नव्हतं. ऑगस्ट संपता संपता दिवसाला हजारच्या आसपास माणसं मरत होती. शहराची वस्ती ९०,००० च्या आसपास, त्यातले सुमारे ४०,००० गेले. बाकीच्या प्रोव्हान्समध्येही हजारो. साथ उत्तरेला जाऊ नये म्हणून पुढच्या वर्षी डोंगरातून सत्तावीस किलोमीटर लांब दगडी भिंत बांधली. तिचे तुकडे अजून उभे आहेत.

आरोग्य-चौकीपासून चढण चढून गेलं की ला तुरेत नावाची समुद्राकडे तोंड केलेली मोकळी जागा आहे. छान वारा येतो, आम्ही तिथे बसून सँडविच खाल्लं. खाऊन झाल्यावर बायकोला सांगितलं की सप्टेंबर १७२० मध्ये इथे हजारावर प्रेतं तीन आठवडे उन्हात पडून होती. शेवालिए रोझ नावाच्या माणसाने सैनिक आणि गॅलीवरचे वल्हेकरी कैदी घेऊन ती जुन्या बुरुजांच्या पोकळीत लोटली. त्याचा पुतळा झाला, रस्त्याला नाव मिळालं, आणि मिळायलाच हवं, कारण तो स्वतः त्यांच्यात उतरला होता. ज्या कैद्यांनी हे केलं ते जवळजवळ सगळे काही दिवसांत मेले. त्यांना सुटकेचं आश्वासन दिलेलं होतं.

(सँडविच आधी खाऊ दिलं याबद्दल मला कुणी दाद दिलेली नाही.)

आता हिशोब. जहाज सप्टेंबरमध्ये राजाज्ञेने जार बेटाशी जाळून टाकलं. त्याचे अवशेष १९७८ मध्ये पाणबुड्यांना सापडले, नांगर २०१२ मध्ये वर काढला. कप्तान शातोला इफच्या किल्ल्यात टाकलं, तो १७२३ मध्ये सुटला. ज्याने प्रवासातले मृत्यू सांगितले होते, लिव्होर्नोचा शेरा असलेला कागद हातात दिला होता, तो आत. आणि एस्तेलला १७२२ मध्ये राजाकडून उमरावकी मिळाली. न्यायाने सांगायचं तर एस्तेल आणि त्याचे सहकारी साथीत शहर सोडून पळाले नाहीत. पैसेवाले, अधिकारी गाड्या भरभरून निघून जात असताना हे लोक थांबले, प्रेतं उचलण्याची, धान्याची व्यवस्था बघत राहिले. म्हणजे तो नुसता खलनायकही नाही. आधी आग लागू दिली आणि मग जिवावर उदार होऊन ती विझवली. बक्षीस मात्र फक्त दुसऱ्या भागाचं मोजलं गेलं. आमच्याकडेही प्रॉडक्शन पडल्यावर रात्रभर जागणाऱ्याला अ‍ॅवॉर्ड मिळतं, ते का पडलं ही मीटिंग होतच नाही, आणि ज्याने बटण दाबलं तो पोरगा पुढच्या अप्रेझलला गार होतो.

दुपारी आम्ही इफला गेलो, जुन्या बंदरातून होडीने वीस-पंचवीस मिनिटं. किल्ला बघायला झुंबड असते ती 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'मुळे. कादंबरीतल्या एडमंड दांतेसची कोठडी तिथे रीतसर दाखवतात. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याची! मी तासभर फिरलो, खरोखर तिथे तीन वर्षं काढलेल्या कप्तानाचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. वरच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पांढऱ्या खडकांची बेटं दिसतात. जार त्याच बाजूला.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर गोष्ट फार गुळगुळीत होईल. १९९४ मध्ये मार्सेयमध्ये प्लेगच्या काळातलं एक सामुदायिक दफन उकरलं गेलं, आणि २०१६ मध्ये तिथल्या दातांमधून मिळालेल्या जंतूचा जीनोम प्रसिद्ध झाला. तो जंतू चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूच्या वंशातला निघाला, आणि त्याची शाखा आज कुठेही जिवंत सापडलेली नाही. तो युरोपातच कुठेतरी टिकून होता की पूर्वेकडून पुन्हा आला, यावर वाद आहे. म्हणजे तीनशे वर्षं शिव्या खाल्लेल्या जहाजाबद्दलही शंकेला जागा आहे. पण कागदावरचे निर्णय त्यामुळे बदलत नाहीत. जहाजात काय आहे हे नक्की माहीत नसतानाच तर त्यांनी दार उघडलं.

या समुद्राचा आपल्याशीही संबंध आला. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीत प्लेग आला, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि भीती अशी पसरली की १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईहून येणाऱ्या बोटींचं काय करायचं हा तिथला मोठा प्रश्न. त्याच सुमारास, फेब्रुवारी १८९७ मध्ये, इंग्रज सरकारने घाईने साथरोग कायदा केला. पुण्यात पुढे काय झालं ते सांगायला नको. तोच कायदा २०२० मध्ये आपल्याला पुन्हा लावला गेला. चौकीतले व्यापारी सैल सुटले तर मार्सेय होतं, आणि चौकीला माणसं दिसेनाशी झाली तर पुणे होतं.

मार्सेयनंतरची बंदरं भरभर सांगतो. जिनोआ आणि नेपल्स, दोन्हीकडे १६५६-५७ ची साथ, नेपल्स तर जवळजवळ निम्मं रिकामं झालं. मेसिना, ऑक्टोबर १३४७, काळा मृत्यू युरोपात उतरला ते हे बंदर, जिनोआच्या जहाजांमधून. मेसिनाच्या धक्क्यावर बायको म्हणाली, "तू क्रूझ बुक केलीस की प्लेगची कंडक्टेड टूर?" बुक तिनेच केली होती, पण मुद्दा बिनतोड होता. व्यापाराचा रस्ता तोच, रोगाचा तोच, आणि आता आइसक्रीम खात फिरणाऱ्यांचाही तोच.

शेवटचं माल्टा. वॅलेटाच्या एका बाजूला क्रूझ लागते, दुसऱ्या बाजूच्या खाडीत मानोएल बेट आहे आणि त्यावर १६४३ पासूनचं लाझारेतो. लांबलचक, पिवळसर दगडाच्या कमानींचं, बरंचसं पडकं. १८११ मध्ये लॉर्ड बायरन इथे अडकून पडला होता आणि त्याने माल्टाच्या नावाने कवितेत बोटं मोडली. १८४४ मध्ये ठॅकरेने (आपले नव्हे, कादंबरीकार) इथल्याच क्वारंटाइनमध्ये 'बॅरी लिंडन' संपवली. अडकलेले कित्येक लोक भिंतीच्या मऊ दगडावर नाव आणि तारीख कोरून गेले.

ठॅकरे अडकला त्याच्या एकतीस वर्षं आधी, मार्च १८१३ मध्ये, अलेक्झांड्रियाहून 'सान निकोला' नावाचं जहाज आलं. यावेळी जहाज आत घेतलं नव्हतं, माणसं लाझारेतोत होती, पहारा होता. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. पण जहाजावर ताग्यांनी लिनन होतं. त्यातलं काही रात्री कुणीतरी पळवलं आणि ते वॅलेटातल्या एका चांभाराच्या हाती पडलं, असं मानतात. एप्रिलच्या मध्यावर त्याची लहान मुलगी वारली, मग बायको, मग तो. बेटावर सुमारे ४,५०० माणसं गेली.

आम्ही पलीकडच्या तटावरून लाझारेतो बघत होतो. मधलं पाणी इतकं अरुंद आहे की त्या काठावर कुणी हाक मारली तर या काठावर ऐकू येईल. बायकोने अंतर डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाली, "पोहून दहा मिनिटं." मग घड्याळ बघितलं. साडेपाचला पाऊण तास होता.